गोळेश्वरचे मल्ल

सातारा जिल्ह्यात कऱ्हाड येथे कृष्णा आणि कोयना या दोन नद्या समोरासमोरून येऊन एकमेकींना भेटतात. या संगमापासून जवळच गोळेश्वर नावाचे एक लहानसे गाव आहे. ऊस, ज्वारी आणि भुईमूग पिकविणारी, बैल जोपासणारी आणि जत्रेच्या दिवशी कुस्तीच्या फडाभोवती दाटी करणारी ही माणसे. अशा गावात १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. स्वतंत्र भारताला ऑलिंपिक क्रीडास्पर्धांत पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे मल्ल ते हेच.

खाशाबांचे वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल होते. पाच भावंडांत खाशाबा धाकटे. घरात शेतीची कामे जशी अंगवळणी पडत, तशीच कुस्तीही पडली. वडिलांनी त्यांना अगदी लहानपणीच तालमीत नेले. त्या काळची खेड्यातील तालीम म्हणजे एक कौलारू खोली, कोनाड्यात मारुतीची शेंदूर लावलेली मूर्ती आणि मध्यभागी लाल मातीचा हौदा. ही माती साधी नसे. ती चाळून बारीक करीत, तीत तेल, ताक, हळद आणि लिंबाचा रस घालून ती मुरवीत. पहाटे उठून ती खोऱ्याने उकरावयाची, मग जोर आणि बैठका काढावयाच्या आणि अंगातून घाम निथळू लागला, की वस्तादांच्या देखरेखीखाली लढत करावयाची, असा तेथील क्रम असे. खाशाबांचा बांधा ठेंगणा होता, शरीरही फार अवजड नव्हते. त्यांना प्रथम पाहणाऱ्यास हे मोठे पैलवान असावेत, असे वाटलेही नसते. परंतु त्यांच्या अंगी विलक्षण चपळाई होती. प्रतिस्पर्ध्याने पवित्रा घेण्यापूर्वीच ते डाव टाकून मोकळे होत. ढाक हा त्यांचा आवडता डाव. या डावात प्रतिस्पर्ध्यास मानेभोवती किंवा दंडाला घट्ट धरून कमरेच्या आधाराने उचलावयाचे आणि त्याची पाठ जमिनीस लावावयाची असते. हा डाव ताकदीपेक्षा वेळेवर अवलंबून असतो. क्षणभर उशीर झाला, तर टाकणाराच खाली येतो.

खाशाबांचे शालेय शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. ते तेथे शिकत असतानाच १९४२ चा लढा सुरू झाला. सातारा जिल्ह्यात या लढ्याने उग्र रूप धारण केले होते आणि क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारचा अंमल गावोगाव जाणवत होता. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, त्यांचे निरोप पोहोचविणे अशी कामे सोळा वर्षांच्या खाशाबांनीही केली. ही कामे पकडले जाण्याच्या धोक्याची होती, हे सांगावयास नकोच.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरला राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. कुस्ती शिकू इच्छिणाऱ्या तरुणाला याहून योग्य नगर मिळणे कठीण होते. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्लविद्येला मोठा आश्रय दिला होता. त्यांनी बांधविलेल्या खासबाग मैदानात हजारो प्रेक्षक बसत आणि उत्तरेकडील नामांकित मल्लही तेथे येऊन लढत. गल्लोगल्ली तालमी होत्या. या वातावरणात खाशाबांना बाबूराव बलवडे आणि बेलापुरी गुरुजी यांचे मार्गदर्शन लाभले. अभ्यास आणि तालीम ही दोन्ही ओझी एकाच वेळी वाहणे सोपे नसते, परंतु खाशाबांनी त्यांपैकी एकही खाली ठेवले नाही.

१९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक स्पर्धा भरणार होत्या. स्वतंत्र झाल्यानंतर भारताचा संघ प्रथमच या स्पर्धांत उतरणार होता. खाशाबांची निवड झाली आणि त्यांच्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. गोळेश्वरच्या शेतकऱ्याचा बावीस वर्षांचा मुलगा सातासमुद्रापलीकडे निघाला. मात्र तेथे जी कुस्ती त्याची वाट पाहत होती, ती त्याच्या ओळखीची नव्हती.

आपल्याकडील कुस्ती मातीत होते, तर ऑलिंपिकमधील कुस्ती गादीवर होते. हा भेद वरवर पाहता किरकोळ वाटतो, परंतु तसा तो नाही. ओलसर माती पायाला धरून ठेवते. तिच्यात पाय रोवून मल्ल प्रतिस्पर्ध्याचे बळ थोपवू शकतो. घामाने निसरड्या झालेल्या अंगाला माती चोळली, की पकड बसते. गादीवर हे काहीच नसते. तेथे पाय वेगाने सरकतो, वळतो आणि मातीत ज्या पवित्र्यावर विसंबून राहावे, तोच पवित्रा घातक ठरतो. शिवाय नियमही निराळे. गावच्या फडात कुस्ती निकाली झाली, म्हणजे एकाची पाठ जमिनीस लागली, तरच ती खरी मानण्याची रीत. त्यासाठी दोघे मल्ल अर्धा अर्धा तास, कधी त्याहूनही अधिक वेळ झुंजत राहात. ऑलिंपिकमध्ये घड्याळ लावलेले असते. ठरलेल्या मिनिटांत कुणाचीच पाठ लागली नाही, तर कोणी अधिक चढाई केली, कोणी अधिक डाव साधले, हे पाहून पंच विजेता ठरवितात. म्हणजे संयमाने वाट पाहणारा मल्ल तेथे हरू शकतो. ज्याने आयुष्यभर मातीतच कुस्ती केली, त्याला हे सर्व काही आठवड्यांत आत्मसात करावयाचे होते.

लंडनमध्ये रीस गार्डनर या प्रशिक्षकांनी खाशाबांना गादीवरील कुस्तीचे धडे दिले. खाशाबा ५२ किलो वजनगटात उतरले. त्यांनी प्रथम ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला आणि नंतर अमेरिकेच्या बिली जर्निगनला पराभूत केले. पाहणाऱ्यांना या अनोळखी भारतीय मल्लाच्या वेगाचे नवल वाटले. परंतु पुढे इराणच्या मन्सूर रईसीने त्यांना हरविले आणि खाशाबांना सहाव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले.

समाधान मानावे लागले, असे म्हणावयाचे एवढेच, कारण खाशाबांना त्यात समाधान नव्हते. पण ते निराशही झाले नाहीत. आपण कोठे कमी पडलो, हे त्यांना नेमके उमगले होते. ताकदीत किंवा धैर्यात ते कमी पडले नव्हते, तर गादीच्या सवयीत कमी पडले होते, आणि सवय ही मेहनतीने लावून घेता येते. कोल्हापूरला परतल्यावर पुढील चार वर्षे त्यांनी याच एका गोष्टीचा ध्यास घेतला. शिवाय त्यांनी वजनही वाढविले आणि ५२ ऐवजी ५७ किलोच्या गटात उतरण्याचे ठरविले. या गटातील प्रतिस्पर्धी अर्थातच अधिक बळकट असणार होते.

पुढील स्पर्धा १९५२ साली फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे व्हावयाच्या होत्या. परंतु तेथे पोहोचण्यापूर्वी खाशाबांना दोन अडथळे पार करावे लागले आणि त्यांपैकी एकही आखाड्यातील नव्हता.

पहिला अडथळा निवडीचा. मद्रास येथील स्पर्धेत पंचांनी दिलेल्या गुणांमुळे खाशाबा निवडीतून मागे पडले. आपल्यावर अन्याय झाला, अशी त्यांची पक्की खात्री होती. ते केवळ हळहळत बसले नाहीत, तर त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज यादवेंद्रसिंह हे त्या वेळी भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते. खाशाबांची मागणी सरळ होती: आपणांस पुन्हा लढू द्यावे आणि आखाड्यात जे होईल ते मानावे. महाराजांनी ती मान्य केली. राष्ट्रीय विजेते निरंजन दास यांच्याशी त्यांची लढत लावण्यात आली आणि खाशाबांनी ती जिंकली. आता त्यांच्या निवडीविषयी कुणालाही शंका घेता येईना.

दुसरा अडथळा पैशाचा होता आणि तो अधिक बिकट होता. निवड झाली, तरी परदेशी जाण्याचा खर्च मल्लानेच उभा करावयाचा होता. कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले होते, त्यामुळे मागच्या वेळेचा राजाश्रयही राहिला नव्हता. हजारो रुपये लागणार होते, आणि त्या काळी हजार रुपये ही रक्कम शेतकऱ्याच्या घरात सहसा एकत्र दिसत नसे. खाशाबा दारोदार फिरले. गोळेश्वरच्या ग्रामस्थांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी दिली. कऱ्हाडच्या दुकानदारांनी हातभार लावला. ऑलिंपिक म्हणजे काय, हे त्यांच्यापैकी कित्येकांना ठाऊकही नसेल. आपल्या गावचा मुलगा कुस्ती खेळावयास दूरदेशी जात आहे, एवढे त्यांना पुरेसे होते. तरीही रक्कम अपुरीच पडली. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर पुढे आले. त्यांनी स्वतःचे राहते घर गहाण टाकले आणि सात हजार रुपये उभे करून खाशाबांच्या हाती दिले. विद्यार्थ्यास शाबासकी देणारे, त्याच्यासाठी शिफारसपत्र लिहिणारे गुरुजन पुष्कळ असतात. स्वतःचे छप्पर त्याच्या एका प्रवासासाठी सावकारी कागदावर ठेवणारे प्राचार्य विरळाच. खाशाबा हरून परत आले असते, तर ते घर सुटले असते की नाही, कोण सांगणार?

हे सर्व ओझे घेऊन खाशाबा हेलसिंकीस पोहोचले. पहिल्या लढतीत त्यांनी कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनची पाठ गादीस लावली. दुसऱ्या लढतीत मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तोचीही तीच गत झाली. त्यानंतर जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झशी गाठ पडली. ही लढत अटीतटीची झाली, पण पंचांचा कौल खाशाबांच्या बाजूने पडला. चार वर्षांपूर्वी गादीवर चाचपडणारे पाय आता तिच्यावर सहजपणे फिरत होते. ढाक हा डाव मातीतला, परंतु खाशाबांनी तो गादीवरही तितक्याच सफाईने वापरला.

आता उरले होते दोन प्रबळ प्रतिस्पर्धी, जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत रशियाचा रशीद मम्मदबेयोव. त्या काळच्या नियमांप्रमाणे एका पराभवाने मल्ल बाद होत नसे. प्रत्येक लढतीनंतर दोषगुण दिले जात आणि त्यांची ठरावीक संख्या झाली, की तो स्पर्धेबाहेर जाई. त्यामुळे अखेरच्या लढतींवर सर्व अवलंबून होते. इशीशी झालेली झुंज पूर्ण पंधरा मिनिटे चालली. दोघांपैकी कुणीही पाठ लावून दिली नाही. अखेर निर्णय इशीच्या बाजूने लागला. खाशाबा थकून गेले होते आणि त्याच अवस्थेत त्यांना मम्मदबेयोवशी लढण्यासाठी पुकारण्यात आले. दोन लढतींच्या मध्ये मल्लाला अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी, असा नियम होता. परंतु तो नियम दाखवून खाशाबांच्या वतीने बोलणारा भारतीय पथकाचा एकही अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता. खाशाबांना परक्या भाषेत पंचांशी वाद घालणे शक्य नव्हते. ते तसेच उभे राहिले, लढले आणि हरले. विश्रांती मिळाली असती तर काय झाले असते, याविषयी कुस्तीशौकीन पुढे कित्येक वर्षे बोलत राहिले. इशीने सुवर्णपदक जिंकले, मम्मदबेयोवने रौप्य आणि खाशाबांनी कांस्य. तो दिवस होता २३ जुलै १९५२.

याच स्पर्धेत कोल्हापूरचेच मल्ल केशव माणगावे ६२ किलो गटात चौथे आले. त्यांचे पदक एका क्रमांकाने हुकले. दुसऱ्या दिवशी, २४ जुलैला, भारताच्या हॉकी संघाने नेदरलंड्सचा पराभव करून सुवर्णपदक मिळविले. देशभर जल्लोष झाला तो हॉकीचा, आणि तो योग्यही होता. परंतु एकट्याने लढून भारतासाठी पदक आणणाऱ्या मल्लाची वार्ता त्या जल्लोषात काहीशी मागे पडली.

कऱ्हाडात मात्र ती मागे पडली नाही. खाशाबा परत आले, तेव्हा पंचक्रोशीतील माणसे लोटली होती. शंभराहून अधिक बैलगाड्या सजवून त्यांची मिरवणूक काढण्यात आली. ढोल, हलग्या आणि लेझीम यांच्या गजरात ती गोळेश्वरच्या महादेवाच्या देवळाकडे निघाली. एरव्ही पाव तासात संपणाऱ्या या वाटेला त्या दिवशी सात तास लागले. ज्यांनी वर्गणी दिली होती, ती माणसे त्या वाटेच्या दोन्ही बाजूंना उभी होती. आपण दिलेल्या पैशाचे काय झाले, हे त्यांना डोळ्यांनी पाहावयास मिळाले.

सत्कार संपले, हार सुकले आणि खाशाबांच्या मनात पहिला विचार आला तो प्राचार्यांच्या घराचा. पदकाबरोबर पैसा मिळत नाही. म्हणून त्यांनी जे येत होते तेच केले. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरविले, स्वतःही त्यात उतरले आणि त्यातून जमलेल्या पैशांतून प्राचार्य खर्डीकरांचे गहाण पडलेले घर सोडवून दिले. हेलसिंकीतील तीन विजय मोठे खरेच, परंतु कोल्हापूरच्या या मैदानात जिंकलेल्या कुस्त्यांचे मोल त्यांहून कमी मानता येणार नाही.

१९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात फौजदार म्हणून रुजू झाले. पुढच्या ऑलिंपिकला जाण्याची त्यांची उमेद होती, पण गुडघ्याच्या दुखापतीने ती मोडली. पोलीस खात्यात त्यांनी सुमारे सत्तावीस वर्षे सेवा केली. खात्यातील क्रीडास्पर्धा गाजविल्या, तरुण शिपायांना कुस्तीचे डाव शिकविले. त्यांना बढती फार उशिरा मिळाली. अखेर ते साहाय्यक पोलीस आयुक्त या पदावरून निवृत्त झाले आणि निवृत्तीनंतर स्वतःच्या निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. गोळेश्वरातील त्यांचे घर ‘ऑलिंपिक निवास’ या नावाने ओळखले जाई. पण त्या घरात राहणाऱ्या माणसाने काय केले आहे, हे जिल्ह्याबाहेरच्या नव्या पिढीला क्वचितच माहीत असे. १९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हा ज्योत वाहून नेणाऱ्या धावकांत त्यांना स्थान देण्यात आले. देशाने त्यांची हयातीत घेतलेली मोठी दखल ती एवढीच म्हणावी लागेल.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील एका अपघातात खाशाबांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ५८ वर्षांचे होते.

हॉकीचा संघ सोडला, तर त्यांच्यानंतर भारताला ऑलिंपिकमध्ये दुसरे पदक मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेतील अटलांटा येथे लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्यपदक जिंकले. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत कितीतरी खेळाडू गेले आणि रिक्त हस्ताने परतले. तेवढ्या काळानंतर १९५२ च्या त्या कांस्याची किंमत लोकांना उमगू लागली. महाराष्ट्र शासनाने खाशाबांना मरणोत्तर शिवछत्रपती पुरस्कार दिला, तर भारत सरकारने २००० सालचा अर्जुन पुरस्कार मरणोत्तर जाहीर केला. २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा भरल्या, तेव्हा ज्या क्रीडागारात कुस्त्या झाल्या, त्याला खाशाबा जाधव यांचे नाव देण्यात आले. त्या कुस्त्या गादीवरच्या होत्या आणि भारतीय मल्लांना आता ती गादी परकी राहिली नव्हती.